बाबलच्या पडद्याचा उजेड

मालवणात मी कंप्युटर दुरुस्त करायला लागलो तेव्हा मॉनिटरला मॉनिटर म्हणणारी माणसं फार नव्हती. फोन यायचा तो असा: "दिगंबरा, आमच्या कंप्युटराचो टीव्ही आंधळो झालो." आंधळा, तिरळा, हिवताप आलेला, कावीळ झालेला अशी सगळी दुखणी मला फोनवर ऐकायला मिळायची. त्यातला हिवताप म्हणजे थरथरणारं चित्र आणि कावीळ म्हणजे केबलची एक पिन वाकून निळा रंग गेलेला, हे मला पुढे सरावाने कळायला लागलं. डॉक्टर पेशंटचं ऐकून निम्मं निदान करतो म्हणतात. माझं तर मॉनिटरच्या नातेवाइकांचं ऐकूनच पाऊण व्हायचं.

आत्ताच्या मुलांनी ते मॉनिटर पाहिलेले नसतील म्हणून सांगतो. समोर काच, आणि मागे मोठं ढब्बू पोट. त्या पोटात काचेचीच एक पिक्चर ट्यूब. तिच्या मागच्या टोकाला एक बारीक तार तापायची आणि तिथून निघालेला किरण समोरच्या काचेवर आदळला की चित्र उमटायचं. मागून हवा खेळावी म्हणून वर जाळीसारखी भोकं असत. त्या भोकांनी माझं घर चालवलं असं म्हटलं तरी चालेल. आपल्याकडचा खारा वारा त्यातून आत शिरे आणि आतलं तांबं हिरवं करून टाकी. उबेला पाली येत, मुंग्या येत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तर मला जेवायला फुरसत नसे, कारण आदल्या दिवशी गावोगावच्या कचेऱ्यांत यंत्रांची पूजा झालेली असे. एका कचेरीत शिपायाने भक्तिभावाने मॉनिटरच्या डोक्यावरच नारळ फोडला होता. पाणी सरळ पोटात! "काय केलंस रे ह्यां?" असं मी विचारलं तर तो म्हणाला, "मगे काय टेबलार फोडू? पूजा तेची होती."

अशी गिऱ्हाइकं पुष्कळ झाली. पण आज लिहायचं आहे ते बाबलविषयी.

बाबलचा बाजारात फोटो स्टुडिओ होता. बाबल म्हणजे पन्नाशीचा, बुटका, केसांना खोबरेल तेल लावून मधोमध भांग पाडणारा, आणि माणसाला "वाईच हस" म्हणताना स्वतःच जास्त हसणारा गृहस्थ. दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. सगळीकडे डिजिटल कॅमेरे आले तसा यानेही घेतला, आणि त्याबरोबर कुणीतरी टाकून दिलेला, तेव्हाच म्हातारा झालेला एक कंप्युटर आणला. काढलेला फोटो कंप्युटरवर घ्यायचा, डोळ्याला बरा दिसेपर्यंत उजेड आणि रंग सारखा करायचा, सीडीवर भरायचा आणि ती कणकवलीच्या लॅबला पाठवायची. दोन दिवसांनी एसटीने छापील फोटो परत. अशी त्याच्या धंद्याची रीत.

आणि धंदा कसा चालला म्हणता! लग्नासाठी मुलींचे दाखवायचे फोटो काढावेत तर बाबलकडेच, अशी ख्याती झाली. "बाबलान फोटो काढलो की लगीन जमलाच" असं आचऱ्यापासून देवबागपर्यंत बोललं जायचं. मुलगी कशीही असो, फोटोत केतकीसारखी येत असे. मागच्या पडद्यावर त्याने एक तळं आणि डोंगर रंगवून घेतले होते, तेसुद्धा फोटोत पांढऱ्या धुक्यात गेलेले दिसत. लोक विचारत, "ह्यां महाबळेश्वर काय ओ?" बाबल नुसता हसायचा.

आपलं यश त्या यंत्रामुळे आहे अशी त्याची पक्की समजूत होती. रोज सकाळी कंप्युटर सुरू करायच्या आधी तो त्याला गाऱ्हाणं घालायचा. गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडे देवासमोर उभं राहून मोठ्याने घातलेलं साकडं. घालणारा बोलत जातो आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा" म्हणायचं. ही सवय आमच्या हाडांत इतकी भिनलेली आहे की झोपेतून उठवून कुणी गाऱ्हाणं सुरू केलं तरी आमच्या तोंडून "होय म्हाराजा" निघेल. बाबल मॉनिटरवर अक्षता टाकी आणि म्हणे, "देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान जो धंदो मांडलो हा तेका येश दी!" समोर फोटोसाठी बसलेलं गिऱ्हाईकही हनुवटी वर ठेवूनच "होय म्हाराजा" म्हणून टाकी. अक्षता जाळीतून आत जात ते वेगळंच.

मला तो त्या यंत्राला हात लावू देत नसे. "माझां नशीब आसा तेच्यात. तू उघडशीत आणि नशीब भायर उडात." त्यामुळे मी त्या स्टुडिओत जायचो तो बाहेरच्या बाकावर बसून चहा प्यायला. मग एका शनिवारी सकाळी त्याचा फोन आला. "दिगंबरा, धाव. काळोख झालो."

गेलो. मॉनिटर चालू होता पण पडद्यावर काळोखच होता. डोळे अगदी जवळ नेले तर तळाच्या बाजूला काहीतरी हलल्यासारखं वाटे. उघडायच्या आधी बाबलने मला उभं करून गाऱ्हाणं घातलं, मी हातात स्क्रू ड्रायव्हर धरून "होय म्हाराजा" म्हटलं, आणि मागचं पोट सोडवलं. आतून मूठभर तांदूळ, वाळलेली जास्वंद आणि एक कधीची गेलेली पाल निघाली. ते सगळं साफ केलं. पण दुखणं ते नव्हतं. पिक्चर ट्यूबच संपली होती. ती मागची तापणारी तार म्हातारी होत जाते आणि दर महिन्याला चित्र किंचित काळवंडतं. रोज बघणाऱ्याला ते कळत नाही.

"किती दिवस अंधुक दिसत होतं?" मी विचारलं.

"अंधुक? छे! माका सगळां झकास दिसा."

मी दुकानातून माझा एक बरा मॉनिटर आणून जोडला. चित्र लख्ख आलं. बाबलने कौतुकाने आपल्या जुन्या फोटोंचं फोल्डर उघडलं आणि पहिलाच फोटो पाहून मागे सरकला.

"ह्यां काय रे? हीं भुतां कोणाची?"

पडद्यावर एक मुलगी होती. म्हणजे दोन भुवया, दोन डोळे आणि एक टिकली होती. बाकी चेहरा पिठाने माखल्यासारखा. पुढचा फोटो तसाच. त्याच्या पुढचा तर एका खलाशाचा, जन्मभर समुद्रावर उन्हात भाजलेला माणूस, आणि दिसत होता एखाद्या परदेशी पाहुण्यासारखा.

मला हसू आवरेना. काय झालं होतं ते सरळ होतं. पडदा काळवंडत गेला तसा बाबल प्रत्येक फोटोतला उजेड वाढवत गेला. त्याच्या अंधाऱ्या पडद्यावर मुलगी सावळीची सावळी दिसायची, म्हणून तो आणखी उजेड घालायचा, आणि लॅबमधून ती दुधात बुडवून काढल्यासारखी यायची. तळ्यावरचं धुकंही तिथूनच आलं होतं.

"पण छापून आलेले फोटो तू बघत होतास ना?"

"बघत होतंय. लॅबवाल्याचो हात बरो म्हणान समाजत होतंय," बाबल कसाबसा म्हणाला. गिऱ्हाईक खूश, लॅब खूश. मग चूक शोधणार कोण?

मी हसत होतो, पण बाबल हसत नव्हता. तो शेवटच्या फोटोपाशी थांबला होता. देवबागच्या पारूकाकीच्या मुलीचा, जयूचा फोटो. पारूकाकी मालवणच्या बाजारात मासे विकायची. तिच्याशी भाव करायची हिंमत मामलेदारातसुद्धा नव्हती. जयू बालवाडीत शिकवायची. मुलगी हुशार, तरतरीत, नाकीडोळी नीटस आणि रंगाने चांगली काळीसावळी. तेवढ्यावरून याआधी स्थळं परत गेली होती. आता मात्र मुंबईला राहणाऱ्या एका घराने फोटो पाहून पसंती कळवली होती, आणि ती मंडळी गावी आली होती ती दुसऱ्या दिवशी, रविवारी, देवबागला येणार होती.

"तेंनी हो फोटो बघल्यानी हा," बाबल म्हणाला. "उद्या ते चेडू बघतले. आणि मगे?"

त्या चेडवाला, म्हणजे मुलीला, प्रत्यक्ष पाहिल्यावर काय होणार ते मलाही कळत होतं. देवबाग म्हणजे खाडी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची एक चिंचोळी पट्टी. एका टोकाला कुणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाला औषध काढतात. फसवून बोलावलं असा बोभाटा करून ती मंडळी उठून गेली, तर जयूचं नाव त्या पट्टीवर कायमचं खराब झालं असतं. आणि त्यात तिचा दोष काडीचा नव्हता. दोष बाबलच्या ट्यूबचा होता.

"सकाळी जाव्या. ते येवच्या आधी आयशीक सांगूया. आणि हो मॉनिटर घेव्या वांगडा," बाबल म्हणाला.

"तो कित्याक?"

"साक्षीक."

"अरे मेल्या, मेलेलो मॉनिटर साक्ष काय देतलो?"

पण बाबल ऐकेना. रविवारी सकाळी माझ्या स्कूटरवर मागे बाबल आणि त्याच्या मांडीवर तो ढब्बू पोटाचा मॉनिटर, अशी आमची वरात तारकर्लीवरून देवबागला निघाली. रस्त्याला दुतर्फा माड आणि माडांखाली माणसं. "काय बाबल, टीव्ही विकूक काढलंस?" असं जो तो विचारी. वाटेत स्कूटर वाळूत रुतली, ती काढण्यात वेळ गेला. पोचलो तर पारूकाकीच्या अंगणात खुर्च्या मांडलेल्या आणि पाहुणे येऊन बसलेले!

मुलगा विनायक मान खाली घालून पोह्यातले शेंगदाणे मोजल्यासारखा बसला होता. सगळा कारभार त्याच्या आत्याचा. ठसठशीत बाई, जन्म इथलाच पण मुंबईत राहून बोलणं अगदी पुस्तकी झालेलं. बाबलला मॉनिटर घेऊन अंगणात शिरताना पाहून त्यांचा चेहरा उजळला, पण तोंडाने त्या म्हणाल्या, "अहो, टीव्ही-बिवी कशाला? आम्ही काही मागितलेलं नाही."

"ह्यो आमचो नाय!" पारूकाकी ओरडली.

तेवढ्यात जयू पाण्याचे पेले घेऊन बाहेर आली. आत्यांनी पेला घेतला, तिच्या खांद्यावरून घरात डोकावून पाहिलं आणि गोड आवाजात विचारलं, "आणि मुलगी कुठे आहे?"

जयूच्या हातातलं ताट मी अजून विसरलेलो नाही. ते हललं नाही, पण पाणी हललं. "मीच ती," ती म्हणाली.

आत्यांनी पर्समधून फोटो काढला, तो बघितला, तिला बघितलं. पारूकाकी, जी सबंध बाजाराला पुरून उरायची, ती पदराचं टोक पिळत उभी होती. आणि आत्या बोलायला तोंड उघडणार एवढ्यात बाबल पुढे झाला. मॉनिटर त्याने तुळशीसमोर ठेवला, हात जोडले, आणि समजावून सांगायला त्याला दुसरी भाषाच सुचली नसावी, कारण त्याने खणखणीत आवाजात गाऱ्हाणंच सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या अंगणात जी मंडळी जमली हत, तेंच्यासमोर हो बाबल हात जोडून उभो आसा!"

"होय म्हाराजा," मी म्हटलं. कुंपणापलीकडून डोकावणाऱ्या शेजाऱ्यांनीही म्हटलं.

"ह्या मशीनीचो उजेड गेलो, तो ह्या बाबलाक समाजलो नाय. तेना काळ्याचां गोरां केल्यान, पण मुद्दाम नाय केल्यान! ह्या चेडवाचो तेच्यात काय एक अपराध नाय!"

"होय म्हाराजा!" आता विनायकही म्हणाला.

"जी काय चूक झाली आसात ती पोटात घाल, आणि ह्या चेडवाच्या वाटेत जो काय काटो आसात तो दूर कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज आत्यांचा होता. मुंबईची सगळी वर्षं एका दमात गळून पडली होती. दोन्ही हात जोडलेले, डोळे मिटलेले. मग डोळे उघडले, आपण काय म्हणून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्या ओशाळून हसल्या. अंगण सैल झालं. त्यांनी मला विचारलं, मी त्यांना ट्यूब, तार, उजेड सगळं समजावलं. त्यांनी मान डोलावली. पारूकाकीच्या जिवात जीव आला. बाबल तर आता पेढेच मागवतो की काय असं मला वाटलं.

"ठीक आहे," आत्या म्हणाल्या. "मशीनची चूक, मुलीची नाही. आमची काही हरकत नाही. फक्त लग्नाचे फोटो ह्यांच्याकडून त्या जुन्या मशीनवर यायचे तसेच करून घ्या. आमच्या नातेवाइकांना फोटोच दाखवायचे असतात. फोटोत गोरी आली म्हणजे झालं."

बाबलने होकारार्थी मान डोलवायला सुरुवातही केली होती. जयूने ताट तुळशीच्या कट्ट्यावर ठेवलं.

"आत्यानू," ती शांतपणे म्हणाली, "मगे तुमी फोटोच घेवन जावा. तेका जेवक घालूची गरज नाय. भिंतीर टांगलो की झालां."

आत्या उठल्या. विनायकने जाताना पहिल्यांदाच जयूकडे नीट पाहिलं, हात जोडले आणि "चुकलं आमचं" असं पुटपुटला. मुलगा वाईट नव्हता. पण रिक्षा लांब गेली आणि आम्ही चौघं अंगणात उरलो, मधे तो मॉनिटर.

पारूकाकी आता कुणावर तुटून पडते याची मी वाट पाहत होतो. तिने पाहुण्यांच्या खुर्च्या उचलून भिंतीला लावल्या. मग म्हणाली, "पाव्हण्यांसाठी सुरमय आणलेली ती काय मांजराक घालू? बसा जेवक." आम्ही मुकाट्याने बसलो. जयू वाढत होती. तिने जे केलं त्याची किंमत तिला पुरती ठाऊक होती. मला तिचा अभिमान वाटत होता आणि तिच्यासाठी भीतीही वाटत होती. भात वाढता वाढता तिने विचारलं, "दिगूभाऊ, बाबलकाकांक इतके दिवस कळलां कसां नाय?"

"हळूहळू गेलां ना. एकदम गेलां असतां तर पहिल्याच दिवशी कळलां असतां."

तिने बाबलच्या पानात आणखी एक तुकडी टाकली. बाबल मान खाली घालून रडत जेवत होता, आणि जेवण उत्तम झालं होतं.

नव्या मॉनिटरवर बाबलचे फोटो खरे यायला लागले आणि त्याचा धंदा बसला. "बाबलाचो हात गेलो" असं लोक म्हणाले. मुलींच्या आया फोटो परत करून जात. मी त्याला दोनदा म्हटलं की उजेड तर मुद्दाम बटण दाबूनही वाढवता येतो, लोकांना हवं तर घाल. तो नकाराची मान हलवी. पासपोर्टच्या फोटोंवर त्याने ते दिवस काढले.

जयूचं लग्न पुढे झालं. देवबागला होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला येणाऱ्या आचऱ्याच्या एका मेकॅनिकने तिला मागणी घातली. त्याने तिला बालवाडीच्या पोरांना दटावताना रोज पाहिलं होतं; फोटोत कधी पाहिलंच नव्हतं. लग्नाचे फोटो बाबलनेच काढले, आणि ते निवडायला नवी नवरी सासूला घेऊन स्टुडिओत आली, त्या दिवशी मी टेबलाखाली केबल जोडत होतो.

पडद्यावर फोटो आला. हिरवा चुडा, मुंडावळ्या, आणि जयू मोकळी हसत होती, रंगाने होती तशीच.

"बाबल," सासू म्हणाली, "फोटो बरो हा. पण वाईच उजळ कर रे माझ्या सुनेक. पावण्यांका दाखवचो हा."

लग्नाला आठवडाही झाला नव्हता. जयू सासूला सगळ्यांसमोर काय म्हणणार? बाबलचा हात माउसवर होता. एक बटण दाबायचा अवकाश. त्याने जयूकडे पाहिलं, मग हात उचलून मांडीवर ठेवला.

"केलां असतां ओ," तो म्हणाला, "पण तां उजेडाचां बटणच बिघडलां. हे बघा दुरुस्तीवाले हंयच आसत. तेंका विचारा."

मी टेबलाखालून बाहेर आलो. मॉनिटर माझ्याच दुकानातला होता आणि ठणठणीत होता. मी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, त्याच्या पाठीवर दोन ठिकाणी टकटक केलं, कान लावून ऐकलं, आणि डॉक्टर नातेवाइकांसमोर करतात तसा चेहरा केला.

"बिघडलां हा. आता दुरुस्त होवचां नाय."

"पार्ट गावना नाय?" सासूने विचारलं.

"कंपनीन बंद केलो."

सासू खुर्चीतून पुढे वाकली. चष्मा सारखा करून तिने पडद्याकडे पाहिलं, शेजारी उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"रवांदे मगे," ती म्हणाली. "हुबेहूब आमची जयूच दिसता."